डावीकडची परडी

ओबाताबाईंनी रेशमी फडक्याची गाठ सोडून परडी चटईवर ठेवली, तेव्हा कामेझोच्या मनात पहिल्यांदा आलं की ही परडी आपण कुठेतरी पाहिली आहे. मग आलं की नाही, पाहिलेली नाही, केलेली आहे. दोन्ही गोष्टी त्याने तोंडाबाहेर काढल्या नाहीत. जपानी शोवा सनाचं ५८ वं वर्ष, म्हणजे १९८३, मार्चची नऊ तारीख, बुधवार. बाहेर गल्लीतल्या गटाराच्या जाळीतून नेहमीसारखी गरम झऱ्यांच्या पाण्याची वाफ वर येत होती आणि समोरच्या खानावळीची बाई त्या वाफेवर रताळी उकडत होती.

"ओळखलीत ना?" ओबाताबाई म्हणाल्या.

"गुरुजींची सही आहे," कामेझो म्हणाला. हे खरं होतं, आणि तेवढंच तो ठामपणे सांगू शकत होता.

परडी हातभर उंच. पोट रुंद, मान आवळलेली, वर उंच कडी. बांबू जुन्या घराच्या छपरातला, चुलीच्या धुरावर शे-दीडशे वर्षं पिकलेला, गडद तपकिरी. छपरात सुंभाची दोरी जिथे आवळली होती तिथे धूर पोचलेला नसतो. ती फिकट खूण पोटावर बरोबर मध्यावर घेतली होती. बुडाशी सुईने कोरलेली अक्षरं: तोरेइसाई यांनी केली.

गरम झऱ्यांच्या बेप्पू गावात तोरेइसाई गुरुजी म्हणजे कोण हे कोणालाही सांगायला लागत नसे. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगा नव्हता. पाच शिष्यांपैकी शेवटपर्यंत टिकला तो कामेझो, त्यामुळे गुरुजींच्या परड्यांची साक्ष देण्याचं काम आपोआप त्याच्याकडे आलं. परडीची पेटी हलक्या किरी लाकडाची असते. तिच्या झाकणावर, आतल्या बाजूने, 'ही परडी माझ्या गुरूंच्या हातची आहे' असं लिहून खाली नाव घालायचं आणि लाल ठसा उमटवायचा. आजवर त्याने अशी अकरा झाकणं लिहिली होती. एकाही वेळी हात अडला नव्हता.

ओबाताबाई फुलं मांडायला शिकवत. साठीच्या, बारीक, बोलणं फूटपट्टीने आखल्यासारखं. परडी त्यांच्या शिक्षिकेची होती. शिक्षिका गेल्या वर्षी वारल्या, पेटी घर बदलताना हरवली होती, आणि येत्या वीस तारखेला वर्षश्राद्धाचा चहा-समारंभ होता. परडी फुलं घालून कोनाड्यात राहणार होती, शेजारच्या दालनात नवी पेटी उघडून ठेवणार होते, आणि पाहुणे एकेक करून झाकण वाचणार होते.

"तीस जण येणार आहेत," ओबाताबाई म्हणाल्या. "फुकुओकाहूनही. कोरं झाकण ठेवलं तर बाई गेल्यावर शिष्यांनी आळस केला असं दिसेल. मी शुक्रवारी, अठराला येते. चालेल?"

"चालेल," कामेझो म्हणाला. नाही म्हणायला कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण ते काय आहे हे त्यालाच कळत नव्हतं.

त्या गेल्यावर त्याने परडी खिडकीपाशी नेली. आधी वजन केलं. चारशे बारा ग्रॅम. गुरुजींच्या याच घाटाच्या दोन परड्यांची वजनं त्याने टिपून ठेवली होती: चारशे पाच आणि चारशे नऊ. त्याची स्वतःची या घाटाची परडी अलीकडे चारशे तीसच्या खाली येत नसे. म्हणजे गुरुजींचीच. पण अठ्ठावीस वर्षांचा असताना त्याचा हात आजच्याहून हलका होता, हेही त्याला आठवत होतं. मग त्याने बेळांची, म्हणजे विणीतल्या बांबूच्या पट्ट्यांची, रुंदी मोजली. सगळी सारखी. पण कामशाळेत बेळं एकाच ठोकळ्यावरच्या त्याच दोन पात्यांमधून ओढली जात. गुरुजी ओढोत की शिष्य, रुंदी तीच यायची. मोजून काही उपयोग नव्हता, हे त्याला मोजून झाल्यावर सुचलं.

त्याच्या मनात काय होतं ते एवढंच होतं. शोवा २९ च्या वसंतात, म्हणजे एकोणतीस वर्षांपूर्वी, असं काहीतरी घडलं होतं जे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं.

कामशाळेचा रिवाज असा होता. गुरुजी एक परडी करून फळीवर उजवीकडे ठेवत. शिष्याने तिच्याकडे बघून तशीच करायची आणि डावीकडे ठेवायची. संध्याकाळी गुरुजी डावीकडची उचलत, फिरवून बघत, आणि म्हणत, "पाणी तापव." मग शिष्याने स्वतःच्या हाताने ती परडी न्हाणीघराच्या चुलीत घालायची आणि त्या पाण्याने गुरुजी अंघोळ करायचे. कामेझोने शिकण्याच्या आठ वर्षांत किती परड्या जाळल्या हे त्याने मोजलं नव्हतं. त्याची एकही परडी गुरुजींनी राखली नव्हती.

त्या वसंतात एका सकाळी गुरुजींनी डावीकडची परडी उचलली आणि त्याच्यासमोर टाकली. "कडी बघ. मान वर करून चालणाऱ्या माणसासारखी. कापून काढ, दुसरी बसव."

कामेझोने परडी हातात घेतली, आणि त्याला दिसलं की ही आपली नाही. गुरुजींची आहे. गुरुजी स्वतःच्याच कडीला नावं ठेवत होते.

"तुमची आहे, गुरुजी," असं म्हणता येत नव्हतं. त्या घरात तरी नव्हतं. तो "हो" म्हणाला, वाकला, आणि दोन दिवसांत कडी बदलून दिली. गुरुजींनी ती फिरवून पाहिली, सुई घेतली आणि बुडाशी सही कोरली. फळीवरची दुसरी परडी त्या संध्याकाळी चुलीत गेली.

ही तीच परडी असेल तर अंग गुरुजींचं आणि कडी कामेझोची. एवढं असतं तर झाकण लिहायला अडचण नव्हती. कडी बदलली म्हणून परडी परकी होत नाही. अडचण अशी होती की त्या दिवशी 'ही आपली नाही' असं आपल्याला कशावरून वाटलं, ते त्याला आठवत नव्हतं. खात्री वाटली होती हे लख्ख आठवत होतं. खात्रीचं कारण मात्र धुऊन निघालं होतं. आणि आता खिडकीपाशी परडी फिरवताना त्याची बोटं कुठेही अडखळत नव्हती. दुसऱ्याच्या विणीवरून बोट फिरवलं की कुठेतरी एक ठेच लागते. इथे लागत नव्हती.

शनिवारी तो रिहेइकडे गेला. रिहेइ त्याच्याबरोबरचा शिष्य. चार वर्षांत गुरुजींना रामराम ठोकून त्याने गरम झऱ्यांकाठच्या खानावळींना लागणाऱ्या टोपल्या आणि चाळण्या विणायला घेतल्या होत्या. वय साठ, पोट सुटलेलं, दात दोन कमी.

"आलास! झाकणवाले आले!" रिहेइ अंगणातूनच ओरडला. "बस. माझ्या चाळणीला झाकण लिहून देतोस का? 'ही चाळण रिहेइच्याच हातची आहे, नूडल सांडल्यास कामेझो जबाबदार.'"

"हे बघ," म्हणत कामेझोने फडकं सोडलं.

रिहेइने ओले हात पँटला पुसले, परडी उचलली आणि ती उलटीपालटी करून पाहिली. या वेळी त्याने थट्टा केली नाही, हेच कामेझोला विचित्र वाटलं.

"म्हातारा चांगला होता रे," तो शेवटी म्हणाला. "माणूस खडूस, पण हात..."

"म्हणजे गुरुजींची?"

"नाहीतर काय तुझी?" रिहेइ हसला. मग कामेझोचा चेहरा बघून थांबला. "तुझी आहे का?"

कामेझोने त्याला कडीची गोष्ट सांगितली. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. सांगताना ती फार लहान वाटली.

"थांब, थांब," रिहेइ म्हणाला. "हा शोवा २९ चा मार्च ना? मी सोडून गेलो त्याच्या आदल्या महिन्यातला?"

"हो."

"फळी मीच पुसायचो तेव्हा. दर महिन्याच्या एक तारखेला. सगळं खाली काढायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, परत ठेवायचं."

"मग?"

"मग काय मग. दोन परड्या, एकाच घाटाच्या, एकाच बांबूच्या. खाली काढल्या, वर ठेवल्या. कुठली उजवी आणि कुठली डावी, हे मला कुठे रे कळत होतं? कळलं असतं तर मी आज चाळण्या विणत बसलो असतो का?"

"पण गुरुजी तर डावी-उजवी बघूनच—"

"म्हातारा फळी बघायचा, आपण म्हाताऱ्याचं तोंड बघायचो. परडी कोण बघायचं?" रिहेइने परडी परत केली. "घेऊन जा बाबा. माझ्या अंगणात ठेवलीस तर उद्या मलाच वाटायला लागेल की मीच केली."

बसमध्ये कामेझोने परडी मांडीवर धरली आणि हिशोब मांडायचा प्रयत्न केला. रिहेइने अदलाबदल केली असेल, तर डावीकडे गुरुजींची परडी आली, गुरुजी फसले, आणि आपण बरोबर ओळखली. अदलाबदल केली नसेल, तर डावीकडे आपलीच होती, गुरुजी बरोबर होते, आणि फसलो ते आपण. दुसऱ्या शक्यतेत एक गोष्ट अशी होती की तिच्याकडे सरळ बघायला तो धजत नव्हता. आपली परडी गुरुजींची वाटावी इतकी चांगली होती, गुरुजींनी तिच्यावर सही केली, आणि चुलीत गेला तो गुरुजींचा नमुना. म्हणजे आठ वर्षांत एक राहिली.

हे खरं असावं असं त्याला वाटत होतं. इतकं वाटत होतं, की त्यामुळेच तो त्यावर विश्वास ठेवू शकत नव्हता.

तो दोन थांबे पुढे जाऊन उतरला.

गुरुजींची बायको, माई, अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती आणि डोंगराच्या अंगाच्या घरात भाचीबरोबर राहत होती. कामेझो गेला तेव्हा ती व्हरांड्यात बसून मुळ्याच्या चकत्या दोरीला ओवत होती.

"कामे, वाळलास," ती म्हणाली. दर भेटीत ती हेच म्हणे. "बायको जेवायला देत नाही का?"

"देते, माई."

"मग जेवत नसशील. ये, हे दुसरं टोक धर."

त्याने दोरीचं टोक धरलं आणि विचारलं. परडी दाखवली, कडी सांगितली, फळी सांगितली. माईने परडीकडे पाहिलंही नाही. तिला आता तेवढं दिसत नव्हतं.

"त्या दिवशीचं होय," ती म्हणाली. "आठवतं की. आत येऊन हसत बसले होते. हे कधी हसायचे का? मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, आज कामेची आणि माझी, माझा घोटाळाच झाला."

कामेझोच्या हातातली दोरी सैल पडली.

"ताण," माई म्हणाली.

"कसला घोटाळा, माई? माझी त्यांना स्वतःची वाटली, की त्यांची त्यांना माझी वाटली?"

माईने सुई थांबवली आणि विचार केला. तिने खरंच विचार केला, हे तिच्या कपाळावरून दिसत होतं.

"तेही म्हणाले होते बघ," ती म्हणाली. "पण मी भाताचं पातेलं उतरवत होते."

"थोडंसं तरी?"

"अरे, भात लागत होता." मग जरा वेळाने ती म्हणाली, "एवढं सांगते. त्या संध्याकाळी दुसरी परडी त्यांनी स्वतःच्या हाताने चुलीत घातली. तुला नाही घालू दिली. मी पाणी बघायला गेले होते, म्हणून माहीत."

"का नाही घालू दिली?"

"ते मी कसं सांगू? तू विचारायचं होतंस. सतरा वर्षं होतास त्यानंतर त्यांच्यापाशी."

कामेझो मान खाली घालून दोरी धरून बसला. विचारायचं होतं, हे बरोबर होतं. विचारता आलं नसतं, हेही बरोबर होतं. निघताना माईने त्याला मुळ्याच्या लोणच्याची बरणी दिली आणि म्हणाली, "लिही की त्यांचं नाव. ते काही भांडायला येत नाहीत."

हाच तर घोळ होता. भांडायला कोणीच येणार नव्हतं. गुरुजींचं नाव घातलं तर ओबाताबाई खूश, पाहुणे खूश, माईही खूश. फक्त तीस माणसांसमोर त्याने जी साक्ष दिली ती कदाचित खोटी असणार, आणि गुरुजींनी त्याची राखलेली एकमेव परडी त्याने स्वतःच्या हाताने, झाकण लिहून, चुलीत घातलेली असणार. स्वतःचं नाव घातलं आणि परडी गुरुजींची निघाली, तर मेलेल्या गुरूच्या ताटातला घास उचलल्यासारखं होणार.

गुरुवारी सकाळी त्याने ठरवलं की निदान कडी तरी पक्की करू. कडीचे पाय जिथे परडीच्या अंगात शिरतात तिथे वेताची बारीक गुंडाळी असते. ती उलगडली तर खाली जुन्या कडीचे कापलेले बुंधे दिसले पाहिजेत. एकदा उलगडलेली गुंडाळी मात्र जशीच्या तशी परत बसत नाही. जुना वेत तुटतो, नवा घालावा लागतो. त्याने परडी तीनदा हातात घेऊन खाली ठेवली. चौथ्यांदा सुईने टोक सोडवलं आणि तीन वेढे काढले. वेत कोरड्या शेवयांसारखा तुटला.

खाली बुंधा होता. तिरका छेद, डावीकडून उजवीकडे गेलेला, कडेला पात्याचा एक छोटा चुकार ओरखडा. ओरखडा त्याला आठवला. तेव्हा पातं सरकलं होतं आणि अंगठा कापला होता.

तर परडी तीच. फळीवरची डावीकडची. दोहोंपैकी न जळालेली. एवढं आता नक्की होतं, आणि यामुळे बाकीचं काहीच नक्की होत नव्हतं.

त्याने नवा वेत भिजवला, तासला आणि तीन वेढे घातले. घातल्यावर परडी हात लांब करून धरली. नवे वेढे जुन्यांसारखे नव्हते. रंग सोडा, तो वर्षा-दोन वर्षांत मिळून आला असता. ताण वेगळा होता. वरचे वेढे ज्या कामेझोने घातले होते, आणि त्याबद्दल तर शंका नव्हती, त्याच्यापेक्षा हे तीन जरा घट्ट होते. भ्यायलेल्या माणसाने घातल्यासारखे. त्याला स्वतःचा हात स्वतःच्या हाताशेजारी ठेवून ओळखता येत नव्हता, आणि तो गुरुजींचा ओळखायला निघाला होता.

शुक्रवारी ओबाताबाई सांगितलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी आल्या. कामेझोने शाई उगाळून ठेवली होती. किरीच्या लाकडात शाई शिरते. खोडता येत नाही, तासावं लागतं, आणि तासलेलं झाकण लगेच ओळखू येतं. त्याने रंधा मारलेल्या तुकड्यांवर चार वेळा सराव केला होता. चारही तुकड्यांवर मजकूर वेगवेगळा होता.

"अजून लिहिलं नाहीत?" ओबाताबाई म्हणाल्या.

"तुमच्यासमोर लिहितो. नको असेल तर झाकण लिहायच्या आधीच परत न्या."

त्यांच्या भुवया वर गेल्या. कामेझोने त्यांना सगळं सांगितलं, उजवी, डावी, रिहेइ, भाताचं पातेलं, बुंधा. सांगून संपल्यावर ओबाताबाईंनी परडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग परत परडीकडे.

"म्हणजे ही तोरेइसाईंची आहे की नाही?"

"माहीत नाही."

"तुमची आहे?"

"तेही माहीत नाही."

"मग माहीत आहे ते काय?"

"सही. कडी. आणि काल घातलेले तीन वेढे."

"आमच्या बाई चाळीस विद्यार्थिनींना सांगत आल्या की ही तोरेइसाईंची आहे," ओबाताबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली फूटपट्टी पहिल्यांदाच वाकली होती. "पावसाळी हायड्रेंजियाच्या फुलांना हीच परडी पाहिजे, दुसरी चालणार नाही, असं म्हणायच्या. त्या चुकत होत्या का?"

"परडीबद्दल नाही."

समोरच्या खानावळीतून कोणीतरी रताळ्यांसाठी हाक मारली. मग ओबाताबाईंनी पेटीवरचं झाकण काढून त्याच्याकडे सरकवलं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "वीस तारीख काही पुढे ढकलता येत नाही."

कामेझोने कुंचला बुडवला आणि आतल्या बाजूला लिहिलं. तोरेइसाईंच्या कामशाळेत, शोवा २९ च्या वसंतात. सही गुरूंची. कडी गुरूंच्या आज्ञेवरून कामेझोने बदलली. उजव्या पायाचे तीन वेढे त्यानेच शोवा ५८ मध्ये घातले. अंग कोणाच्या हातचं, हे सांगता येत नाही. खाली नाव, नावाखाली ठसा.

ओबाताबाईंनी उलट बाजूने, डोकं तिरकं करून वाचलं.

"'सांगता येत नाही' असं झाकणावर कोणी लिहितं का?"

"मी अजून पाहिलेलं नाही."

"पाहुणे मलाच विचारतील."

"विचारतील."

"आणि मी काय सांगू?"

कामेझोने झाकणावर हलकेच फुंकर घातली. शाई वाळल्यावर ओबाताबाईंनी परडी पेटीत ठेवली, फीत बांधली, फडक्याची गाठ मारली, वाकून नमस्कार केला आणि त्या गेल्या. रागावल्या होत्या की नाही, तेही त्याला कळलं नाही. दारातून त्या वाफेत शिरल्या आणि कोपऱ्यावर वळताना त्यांनी गाठोडं एका हातातून काढून दोन्ही हातांनी छातीशी धरलं, एवढं दिसलं.

तो आत आला. कुंचला धुवायला हवा होता. शाई वाळली की केस कडक होतात. मोरीकडे निघाला आणि मध्येच थांबला. त्याला ती अकरा झाकणं आठवली. ओसाका, कुरुमे, क्योतो, एक तर जहाजाने परदेशी गेलेली. अकरा वेळा त्याने 'माझ्या गुरूंच्या हातची' असं लिहिलं होतं. हात अडला नव्हता. एकाही परडीची गुंडाळी उलगडून पाहिली नव्हती.

त्याने कुंचला परत दौतीवर आडवा ठेवला, न धुताच, आणि कपाटातून त्या अकरा परड्यांच्या मालकांची नावं आणि पत्ते लिहिलेली वही काढली.